तीर्थस्वरूप टूर मॅनेजर साहेब यांस अनावृत पत्र

वसई,
दि. २८ नोव्हेंबर २०१९

तीर्थस्वरूप टूर मॅनेजर साहेब यांचे चरणी, आपल्या बसमधल्या एका यात्रेकरूचा शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

पत्रास कारण की, मुंबईला विमान टेकले न टेकले तोच आपण ग्रुपवर हात जोडलेली बाहुली टाकून 'फीडबॅक प्लीज' अशी आज्ञा केलीत. काहींनी अंगठा पाठवून सुटका करून घेतली. माझ्याच्याने ते होईना. पवित्र भूमीतले आमचे शेवटचे दिवस आपण ज्या हातोटीने उरकलेत, त्याबद्दल आपल्याला नुसता अंगठा दाखवणे बरे दिसत नाही.

सुरुवातीच्या दिवसांबद्दल काहीच म्हणणे नाही. नबो पर्वतावर वारा होता, गालील सरोवरात बोट होती, कफर्णहूममध्ये पेत्राच्या घरापाशी सोबत आलेल्या फादरांनी वचन वाचले तेव्हा बायकांचे डोळे भरून आले. त्या काळात आपण बहुतेक वेळ बसच्या पुढच्या सीटवर झोपलेले होतात, म्हणून सगळे सुरळीत पार पडले. आपल्याला जाग आली ती यार्देन नदीच्या काठी. तिथून पुढे जे काही झाले त्याचे संपूर्ण श्रेय आपले, आणि ते आपल्या पदरात घालावे एवढाच या पत्राचा हेतू.

कस्र अल-यहूद. येशूचा बाप्तिस्मा जिथे झाला असे मानतात ती जागा. १९६७ च्या युद्धानंतर वर्षानुवर्षे बंद होती, २०११ मध्ये पुन्हा खुली झाली, पण आम्ही गेलो तेव्हा रस्त्याच्या दोन्ही अंगांना अजून काटेरी तारा आणि सुरुंगांच्या पाट्या होत्या. नदी म्हणजे मातकट पाण्याचा एक अरुंद पट्टा. पलीकडच्या काठावर जॉर्डनच्या बाजूने आलेले यात्रेकरू इतके जवळ की त्यांची गाणी आम्हाला शब्दन्‌शब्द ऐकू येत होती. फादर आमच्याकडून बाप्तिस्म्याची वचने नव्याने म्हणवून घेणार होते. त्यांनी विधीचा पट्टा, स्टोला, गळ्यात घातला, आपण घड्याळ पुढे केलेत, त्यांनी स्टोला काढून त्याची घडी केली. 'पाणी शिंपडा, बाटल्या भरा, चला,' असे आपण म्हणालात. बाटल्या हँडबॅगेत ठेवा म्हणजे फुटणार नाहीत, हा मोलाचा सल्लाही दिलात. त्या सल्ल्याचे आभार पुढे सविस्तर मानतो.

मृत समुद्राच्या बाबतीत मात्र आपण हात आखडता घेतला नाहीत. जगातली सगळ्यात खोलगट जागा ती, समुद्रसपाटीपासून सव्वाचारशे मीटरहून अधिक खाली. पाण्यात मीठ एवढे की माणूस बुडू म्हटले तरी बुडत नाही. बुडायची सोय काठावरच्या दुकानात होती, आणि तिथे आपण आम्हाला दुपारभर मोकळे सोडलेत. चिखलाच्या डब्या, क्षारांच्या पिशव्या, सुरकुत्या घालवणारी मलमे. आमच्यातल्या निम्म्या बायकांचे आयुष्य भाजीच्या वाफ्यात उन्हातान्हात गेलेले. त्यांच्या सुरकुत्यांची इतकी कळकळ आजवर कोणी दाखवली नव्हती.

शुक्रवारी बेथलेहेम. ती उंच काँक्रीटची भिंत, ते चेकपॉइंट ओलांडल्यावर एखाद्या सामान्य टूर मॅनेजरने आम्हाला थेट येशूच्या जन्ममंदिरात नेले असते. आपण आधी जैतुनाच्या लाकडाच्या दुकानात नेलेत. गादीच्या खुर्च्या, पुदिन्याचा चहा, डॉलरमधले भाव. दुकानदाराने दारातच एका वहीत आमच्या बसचा नंबर टिपला आणि मग प्रत्येक बिलाच्या कोपऱ्यात तोच नंबर घातला. हा कशासाठी, असे मी विचारले तर तो गोड हसला आणि मला आणखी एक चहा दिला.

गैरसमज नको, त्या दुकानांवर माझा राग नाही. बेथलेहेमच्या ख्रिस्ती कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या त्या लाकडावर पोट भरले आहे. तिथली ख्रिस्ती वस्ती आटत चालली आहे, आणि जे मागे राहिले त्यांच्याकडून चार वस्तू घेणे हे आमचे कर्तव्यच. मीही गोठ्याचा देखावा घेतला आणि खुशीने घेतला. फक्त कारागिराचे किती आणि आपले किती, हे बिलावर वेगवेगळे छापलेले असते तर कारागिराच्या रकान्यात मी थोडे जास्तच टाकले असते.

मग जन्ममंदिर. जेमतेम चार फुटी दार, त्यातून वाकून आत जायचे. घोडे-गाड्या आत घुसू नयेत म्हणून पूर्वी कधीतरी ते बुजवून लहान केले. आत सहाव्या शतकात जस्टिनियन बादशहाने बांधवलेले खांब उभे. खाली गुहेत, जन्माच्या जागी, चौदा टोकांचा चांदीचा तारा. गुहेसाठी रांग होती, आणि रांगेत उभे राहायचा वेळ पुदिन्याच्या चहात संपला होता. तेव्हा आपण काढलेला तोडगा केवळ आपल्यालाच सुचावा. 'लाइन फार आहे मंडळी, तारा मी सगळ्यांना वॉट्सअॅपवर पाठवतो!' आणि शब्द पाळलात. फोटो मिळाला. गेल्या वर्षीचा आहे आणि त्यात ताऱ्यापेक्षा आपला चेहरा मोठा आला आहे, पण तारा ओळखू येतो.

दर शुक्रवारी दुपारी, हिवाळ्यात तीन वाजता, जेरुसलेमच्या गल्ल्यांतून फ्रान्सिस्कन संन्यासी क्रुसाची वाट, म्हणजे येशूच्या अखेरच्या वाटचालीची मिरवणूक, काढतात. छापील कार्यक्रमात ती ठळक अक्षरांत होती. आमच्यातल्या कित्येकांनी फॉर्म भरला तो तेवढी एक ओळ वाचून. तीन वाजले तेव्हा आम्ही बेथलेहेमच्या दुसऱ्या दुकानात शिंपल्यांच्या जपमाळा बघत होतो. आपण म्हणालात, 'उद्या आपली प्रायव्हेट करू, गर्दी नको.' आपल्याला गर्दीचा त्रास होतो हे आम्हाला आधी ठाऊक असते तर आम्ही कमी संख्येने आलो असतो.

त्या संध्याकाळी जेरुसलेमच्या हॉटेलात लिफ्टचे बटण दाबले तरी ती हलेना. आपण रिसेप्शनला विचारण्याच्या फंदात न पडता जाहीर केलेत, 'लिफ्ट बिघडली आहे, जिना वापरा.' आमच्या फुलवाल्या मावशी (पहाटेच्या गाडीने वसईचा मोगरा दादरला पोहोचवण्यात त्यांचे गुडघे गेले) कठड्याला धरून चढू लागल्या. दुसऱ्या माळ्यावर एक म्हातारी बाई भेटली. नातवाच्या बार मित्झ्वासाठी लोदहून आलेली. आमचे बोलणे ऐकून थबकली आणि चक्क मराठीत म्हणाली, 'अगो, लिफ्ट मोडलेली नाय. शब्बाथ लागला ना, आमचा विसाव्याचा दिवस! बटण दाबायचं नाय, नुसती आत उभी रहा, परत्येक माळ्यावर आपसूक थांबते.'

बाई बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यू समाजातल्या, माहेर अलिबागकडचे. अशी मराठी बोलणारी कितीतरी घरे लोद, रामला, अश्दोद, दिमोना इथे आहेत, 'मायबोली' नावाचे त्यांचे मराठी नियतकालिकसुद्धा तिथून निघत आलेले. रात्रीच्या जेवणानंतर चहा मागितला तर वेटर मान का हलवतो, हेही त्यांनीच सांगितले: कोशर स्वयंपाकघर, मटणाच्या जेवणावर दूध देत नाहीत. आपण आम्हाला 'चहा संपला' असे सांगितले होतेत. त्या बाई आणि मावशी मग लॉबीत कितीतरी वेळ बोंबील या विषयावर बोलत बसल्या. साऱ्या यात्रेत कोणी निवांत बसले असेल तर तेवढेच, आणि आपण ते घडवून आणलेत, अजाणता का होईना. आपली कृपा.

शनिवारी जैतुनाचा डोंगर. पातेर नोस्तेर चर्चच्या भिंतींवर प्रभूची प्रार्थना शंभराहून अधिक भाषांत फरशांवर रंगवलेली आहे. आम्ही मराठी फलक शोधायला निघालो. आपण सगळ्यांना गोळा करून इंग्रजीसमोर उभे केलेत, ग्रुप फोटो काढलात आणि म्हणालात, 'अर्थ तोच आहे.' दॉमिनुस फ्लेवित, जिथे येशू शहराकडे पाहून रडला, ते वास्तुकार बार्लुझ्झीने बांधलेले अश्रूच्या आकाराचे चर्च आपण आम्हाला बसच्या खिडकीतून दाखवलेत. रडारडीला वेळ नव्हता.

गेथशेमाने बागेत आठ जुनाट जैतून आहेत, खोडे पिळवटलेली, आतून पोकळ. आपण माइक घेऊन सांगितलेत की ही झाडे दोन हजार वर्षांची, साक्षात प्रभूने हात लावलेली. आमचा गाईड, बिचारा जेरुसलेमचाच ख्रिस्ती माणूस, हळूच म्हणाला की इटालियन शास्त्रज्ञांनी त्यातल्या तीन झाडांच्या खोडांचे वय काढले, ती अकराव्या-बाराव्या शतकांतली निघाली. मुळे मात्र याहून जुनी असू शकतील. मला हे ऐकून झाडे आणखी आवडली. आपण माइक पुन्हा तोंडापाशी नेलात आणि म्हणालात, 'गेथशेमाने कव्हर झालं, मंडळी.'

आणि मग आपली प्रायव्हेट क्रुसाची वाट. आमच्या धर्मग्रामात ती गुड फ्रायडेला उन्हात, गात, गुडघे टेकत, चौदा स्थानांवर थांबत चालते, आणि कोणी घाई केली तर म्हाताऱ्या वळून बघतात. आपण पहिल्या दोन स्थानांवर थांबलात. तिसऱ्यापासून नवव्यापर्यंत 'नुसते आकडे आहेत भिंतीवर' असे सांगून चालत राहिलात, मसाल्याच्या आणि टी-शर्टांच्या दुकानांमधून, चढत्या पायऱ्यांवरून, आपला छोटा झेंडा उंच धरून. पाचव्या स्थानाजवळ, सिमोनने क्रूस खांद्यावर घेतला तिथे, मावशी भिंतीला टेकल्या. आपण मागे वळून म्हणालात, 'मावशी, बसू नका, बसलात की ग्रुप तुटतो.' त्यांची पिशवी कोणीतरी उचलली. तो कोण होता हे आपल्याला दिसले नसेल, आपण पुढच्या वळणावर पोहोचला होतात.

पवित्र कबरीच्या चर्चच्या अंगणात आपण हजेरी घेतलीत. 'नंबर बोला! एक! दोन! तीन!' मी सतरा. माझे नाव आपल्याला शेवटपर्यंत लागले नाही, पण सतरा म्हटल्यावर मी हात वर करतो हे आपण पक्के लक्षात ठेवलेत. एका काळ्या झग्यातल्या ग्रीक संन्याशाने आपल्याकडे ज्या नजरेने पाहिले, ती नजर मी आपल्या वतीने स्वीकारली.

हे चर्च सहा पंथांनी वाटून घेतलेले: ग्रीक, आर्मेनियन, आम्ही लॅटिन, कॉप्ट, सिरियन आणि गच्चीवर राहणारे इथिओपियन. दाराची किल्ली आणि दार उघडायचा मान शतकानुशतके दोन मुसलमान घराण्यांकडे. दाराच्या वर, खिडकीखाली, एक साधी लाकडी शिडी अठराव्या शतकापासून टेकून आहे. 'जैसे थे'चा ठराव असा कडक की ती कोणी काढायची यावर एकमत होत नाही, म्हणून ती तिथेच. ज्या वास्तूतून दोन-अडीचशे वर्षांत एक शिडी हलली नाही, तिथून आपण अख्खी बस पंचवीस मिनिटांत आत घालून बाहेर काढलीत. त्या सहा पंथांनी आपल्याला पाचारण करायला हवे होते.

कबरीवरची ती लहानशी देवळी २०१७ मध्ये दुरुस्त करून उघडली. आत एका वेळी तीन-चार माणसे मावतात, दाराशी संन्यासी उभा, तो स्वतःच कोणाला रेंगाळू देत नाही. म्हणजे घाई करायला तिथे माणूस नेमलेला आहे. आपण तसदी घेतली नसती तरी चालले असते. मावशींच्या मुठीत नवऱ्याची जपमाळ होती. हातरुमालात बांधलेल्या चिठ्ठ्या होत्या, वाडीतल्या बायकांनी दिलेल्या: कोणाच्या मुलीचे लग्न, कोणाच्या मुलाची दारू, कोणाची गाठ, तपासणीला पाठवलेली. त्या चिठ्ठ्या कबरीच्या शिळेला लावून आणायच्या, एवढ्यासाठी या बाईने बँकेतली ठेव मोडली. रांग सरकत सरकत दारापाशी आली, पुढे मोजकी माणसे उरली, तेवढ्यात मागून आपला आवाज आला, 'मावशी, बस सुटते आहे!'

त्या माउलीला खरेच वाटले की बस सुटेल. परक्या मुलखात, भाषा येत नाही, त्या रांगेतून बाहेर आल्या.

आपण त्यांची समजूतही छान घातलीत. दारातच अभिषेकाची शिळा आहे, क्रुसावरून उतरवलेला देह जिथे ठेवला त्या आठवणीची. 'चिठ्ठ्या इथे टेकवा, मावशी. सेम ब्लेसिंग.' ती लादी १८१० मध्ये बसवलेली आहे, हे गाईडने आम्हाला हळू आवाजात सांगितले, मावशींना नाही. मावशींनी गुडघे टेकले, एकेक चिठ्ठी दगडाला लावली, मग जपमाळ. लादीवर सुगंधी तेल होते, ते रुमालाला लागले. आपण मोबाइल बघत होतात.

बस अर्थातच सुटली नाही. ती बराच वेळ उभी होती, कारण आपले चामड्याच्या जॅकिटाचे घासाघिशीचे काम बाकी होते.

संध्याकाळची मिस्सा. तिथल्या चर्चमध्ये वेदी हवी असेल तर फ्रान्सिस्कनांकडे आधीपासून वेळ मागून ठेवावी लागते. आपण नम्र स्वभावाचे, कोणाकडे काही मागत नाही. म्हणून जेरुसलेममधली आमची अखेरची मिस्सा हॉटेलच्या तळमजल्यावरच्या मीटिंग रूममध्ये झाली, प्रोजेक्टरच्या पडद्यासमोर, एसीच्या घरघरीत. फादर काही बोलले नाहीत. एवढी डोकी जमवली की फादरांचे तिकीट फुकट, हा आपल्या धंद्यातला रिवाज त्यांना ठाऊक असावा. फुकट आलेल्या माणसाला तक्रार करताना जड जाते.

रविवारी सियोन टेकडीवरची दोन ठिकाणे राहिली होती: अखेरच्या भोजनाची माडी, आणि पेत्राने प्रभूला ओळखायचे नाकारले तिथले कोंबड्याचे चर्च. तीही आपण नाकारलीत. विमानतळावर तपासणी कडक असते, वेळ हातात ठेवला पाहिजे, हे आपले म्हणणे रास्त होते. तो हातात ठेवलेला वेळ मग हिऱ्यांच्या शोरूममध्ये गेला. वसईच्या माणसाला हिरे बघायला जेरुसलेमपर्यंत नेण्याची कल्पना थोर आहे. जगातल्या बहुतेक हिऱ्यांना पैलू सुरतेत पडतात, आणि सुरत आमच्या स्टेशनवरून सकाळच्या गाडीने जेवायच्या आत गाठता येते.

विमानतळाच्या वाटेवर पाकिटे फिरली. 'टिप्स आपल्या इच्छेने, माणशी अमुक डॉलर.' इच्छा न झालेल्यांचे नंबर आपण माइकवरून वाचून दाखवलेत. ड्रायव्हर आणि गाईड यांच्यासाठी मी आनंदाने दिले असते. म्हणून उतरताना दोघांच्या हातात वेगळे दिले. पाकिटातले त्यांना किती मिळाले हे मी विचारले नाही, आणि त्यांनीही न विचारता सांगितले नाही. ड्रायव्हर फक्त हसला, त्या बेथलेहेमच्या दुकानदारासारखाच.

आता बेन गुरियन. तिथे पहिलाच प्रश्न असतो: बॅग कोणी भरली? कोणी काही न्यायला दिले आहे का? आदल्या रात्री आपण खोलोखोली हिंडून प्रत्येकाला एकेक पुडके दिले होतेत, 'माझं वजन जास्त होतंय, एवढं घ्या.' मावशींनी आठवी आज्ञा स्मरून खरे ते सांगितले. दुभाषा मी होतो, त्यामुळे 'टूर मॅनेजर साहेबांनी दिलं' हे वाक्य इंग्रजीत पोहोचवण्याचा मान मला मिळाला. पुढचा तासभर मावशींची बॅग टेबलावर उघडी होती. साड्या, औषधे, गोठ्याचा देखावा, तो तेलकट रुमाल, एकेक चिठ्ठी उलगडून. तपासणाऱ्या मुलीने मराठी अक्षरांवर बोट ठेवून विचारले, यात काय लिहिले आहे? मी सांगितले. ती गप्प झाली आणि चिठ्ठ्या तिने स्वतःच घडी करून परत रुमालात ठेवल्या. साहेब कुठे आहेत, दाखवा, असेही विचारले गेले. दाखवायला आपण नव्हतात. आपण ड्युटी फ्रीमध्ये पोहोचला होतात.

पुढच्या यंत्रापाशी आपला तो मोलाचा सल्ला फळाला आला. हँडबॅगेतले पाणी तिथे चालले नाही. यार्देनच्या बाटल्या एकामागून एक डब्यात पडल्या. धर्मग्रामातल्या येत्या बाप्तिस्म्यांसाठी नेत होतो. आता विहिरीचे पाणी वापरू, फादरांनी आशीर्वाद दिला की तेही चालते.

आणि एवढे सगळे झाल्यावर, विमानात दिवे मंद झाले असताना, आपण सीटांमधून फिरून पुढच्या वर्षीच्या लूर्द, फातिमा आणि रोमचे फॉर्म वाटलेत. अर्ली बर्ड सवलतीसकट. मी माझा फॉर्म जपून ठेवला आहे, आणि भरूनही देईन. फक्त छापील कार्यक्रमात प्रत्येक ठिकाणासमोर दोन रकाने वाढवा: देवापाशी किती मिनिटे, दुकानात किती मिनिटे. मग ज्यांना दुसऱ्या रकान्यासाठी यायचे ते येतील, त्यांना ठकवल्यासारखे वाटणार नाही, आणि आपल्यालाही हातातल्या झेंड्याने म्हाताऱ्या हाकाव्या लागणार नाहीत.

कळावे. लोभ आहेच, तो आणखी वाढू नये ही विनंती.

आपला आज्ञाधारक,
नंबर सतरा

ता. क. मुंबईला आपण घाईत टॅक्सीत बसलात, त्यामुळे आपली पुडकी आमच्याकडेच राहिली. खजूर आणि मलमाच्या डब्या आहेत, सगळे मोजून ठेवले आहे. मावशींच्या घरी एकत्र केले आहे, तिथूनच न्यावे. त्या सकाळी फुले पोहोचवून अकरापर्यंत परततात. बसायला अंगण आहे, चहा दुधाचा मिळेल. त्यांना आपल्याशी थोडे बोलायचे आहे म्हणतात, तेव्हा तासभर तरी काढून या.